तिसऱ्या टपरीचं राजकारण

होस्टेलवर रात्री अकरानंतर दोन विषयांवर हमखास वाद होतात. पहिला, गेम स्टीमवर विकत घ्यायचा की एपिकवर फुकट मिळेपर्यंत दम धरायचा? दुसरा, निवडणूक जवळ आली की, लहान पक्षाला मत देणं म्हणजे मत पाण्यात घालणं की नाही? दोन्ही वादांचा निकाल काही लागत नाही, कारण तोवर कुणाला तरी आठवतं की सकाळी सबमिशन आहे!

माझं म्हणणं असं की हे दोन वाद मुळात एकच आहेत. मोठ्या दुकानासमोर उभं राहिलेलं लहान दुकान आणि मोठ्या पक्षासमोर उभा राहिलेला लहान पक्ष, दोघांचं गणित सारखं आहे. ते नीट समजलं तर आपलं मत आणि आपले पैसे कुठे वाया जातात आणि कुठे कामी येतात, हेही समजतं. लेखात पक्षांची नावं येतील, पण कुणाचाही प्रचार करायचा नाही. तेव्हा सर्व पक्षांच्या मित्रांनी शांतपणे वाचावं, ही विनंती.

रस्ता एक, टपऱ्या दोन

हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९२९ साली एक शोधनिबंध लिहिला. त्याची कल्पना आपण वाघोलीत आणू. नगर रोडचा एक किलोमीटरचा तुकडा घ्या. त्यावर मुलं सगळीकडे सारखी पसरलेली आहेत आणि चहाच्या दोन टपऱ्या आहेत. चहा सारखा, भाव सारखा. मग मुलगा जाणार कुठे? जवळच्या टपरीवर.

सगळ्यांच्या सोयीचं म्हणाल तर एक टपरी २५० मीटरवर आणि दुसरी ७५० मीटरवर हवी. म्हणजे कुणालाच २५० मीटरपेक्षा जास्त चालावं लागणार नाही. पण पहिला टपरीवाला विचार करतो, मी थोडा मध्याकडे सरकलो तर समोरच्याची थोडी गिऱ्हाईकं माझ्याकडे येतील. समोरचाही तोच विचार करतो. सरकत सरकत दोघेही ५०० मीटरवर, बरोबर मध्यात, एकमेकांना चिकटून उभे राहतात. धंदा दोघांचा निम्मा निम्माच राहिला, पण टोकाच्या मुलांना आता अर्धा किलोमीटर पायपीट करावी लागते.

हॉटेलिंगने त्याच निबंधात म्हटलं होतं की राजकीय पक्षांचंही असंच होतं. दोन मोठे पक्ष मध्यातल्या मतदारासाठी एकमेकांसारखे होत जातात. टोकाचा मतदार आपलाच आहे, जाऊन जाऊन जाणार कुठे, असं दोघेही धरून चालतात.

आता एके दिवशी १०० मीटरवर तिसरी टपरी लागते. ० ते ३०० मीटरमधल्या मुलांना ती जवळची, म्हणजे ३० टक्के गिऱ्हाईक तिचं. मध्यातल्या दोघांपैकी तिच्या बाजूला जो उभा आहे त्याला उरले ३०० ते ५०० मीटरवाले, म्हणजे फक्त २० टक्के! पलीकडच्या बाजूचा मात्र जागचा हललाही नाही आणि त्याचे ५० टक्के शाबूत. म्हणजे तिसऱ्या टपरीने सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं केलं? लांबच्या शत्रूचं नाही, जवळच्या भावाचं.

अशा वेळी त्या भावापुढे दोन मार्ग असतात. तिसऱ्याशी हातमिळवणी करायची, नाहीतर तिसऱ्याचा माल आपल्या टपरीवर ठेवायचा. पुढचा सगळा लेख म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

पुण्याचा हिशेब

उदाहरण लांब शोधायला नको. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची स्थापना मार्च २००६ मधली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात काँग्रेसचे सुरेश कलमाडी भाजपच्या उमेदवाराविरुद्ध सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले. मनसेच्या उमेदवाराला सुमारे ७५ हजार मतं होती. ती सगळी मतं भाजपलाच गेली असती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्या निवडणुकीत बसपाच्या उमेदवारानेही ६० हजारांच्या वर मतं घेतली होती. तरी तिसरी टपरी कुणाच्या बाजूला लागली होती ते दिसतंच.

त्याच वर्षी विधानसभेत मनसेचे १३ आमदार निवडून आले. २०१२ मध्ये पुणे महापालिकेत १५२ पैकी २९ नगरसेवक आले आणि हा सहा वर्षांचा पक्ष सभागृहात दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पुढे काय झालं? २०१४ ला आमदार १, २०१९ ला १, २०२४ ला ०. पुणे महापालिकेत २०१७ साली नगरसेवक २.

नुसते आकडे पाहिले तर म्हणाल, खेळ खलास. पण थांबा, आणखी एक हिशेब आहे.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, यासाठी मनसेने २००८ च्या सुमारास मुंबईत आंदोलनं केली. तेव्हा अनेकांनी त्याला नसती उठाठेव म्हटलं. २०२२ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यात मनसेचा एकही मंत्री नव्हता. त्या सरकारने कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नसावीत असंही घातलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. आज नगर रोडवरच्या मोबाइलच्या दुकानावर देवनागरी पाटी दिसते ती या वाटेने आलेली आहे.

दुसरं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मनसेची विधानसभेतली पाटी कोरी झाली. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो सुधारून पुन्हा काढला, आणि २९ जून २०२५ ला दोन्ही निर्णय मागे घेतले. याचं श्रेय एकट्या मनसेचं नाही. शिक्षक होते, लेखक होते, राज्याच्या भाषा सल्लागार समितीनेही विरोध केला होता, आणि उद्धव ठाकरे यांचा पक्षही रस्त्यावर उतरायला तयार होता. पण एकही आमदार नसलेला पक्ष या दबावात पुढच्या रांगेत होता आणि बहुमताचं सरकार मागे सरलं, एवढं खरं.

म्हणजे टपरी जवळजवळ बंद पडली, पण तिचा माल मोठ्या दुकानात विकायला लागला!

हे आजचं नाही

आपल्या राज्याचा जन्मच या गणितातला आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका मागणीसाठी एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबरदस्त दणका दिला. पुण्यात तर काकासाहेब गाडगीळांसारखे दिग्गज ना. ग. गोरे यांच्याकडून हरले.

काँग्रेसने यातून धडा घेतला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि मंगल कलश आणला तो काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांनी. १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. समिती तोवर फुटलेली होती. मागणी जिंकली आणि मागणी करणारे हरले.

याला कुणी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणेल. पण मतदाराच्या बाजूने बघा. त्याला महाराष्ट्र हवा होता आणि तो मिळाला. १९५७ साली समितीला दिलेलं मत वाया गेलं असं कोण म्हणेल?

आता स्टीमकडे वळू

पीसीवर गेम खेळणाऱ्याला स्टीम सांगायला नको. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली ते सुरू केलं आणि २००५ पासून इतरांचे गेमही तिथे विकायला आले. गेम विकला की त्यातले ३० टक्के दुकानाचे. म्हणजे कर सोडून हजार रुपयांचा गेम असेल तर ३०० स्टीमचे, ७०० बनवणाऱ्याचे. बरीच वर्षं हा दर हलला नाही, कारण हलवणारा कुणी नव्हता.

६ डिसेंबर २०१८ ला एपिक गेम्स स्टोअर सुरू झालं. दर १२ टक्के! त्याच हजार रुपयांत बनवणाऱ्याला ८८०. आणि गंमत बघा, एपिकचं दुकान उघडायच्या आठवडाभर आधीच स्टीमने आपला दर बदलला. एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली तर पुढच्या विक्रीवर २५ टक्के, आणि ५ कोटींच्या वर गेली तर २० टक्के. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही पीसी गेमसाठी आपला दर १२ टक्क्यांवर आणला.

एपिकने गिऱ्हाईक ओढायला फुकट गेम वाटले. मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात जीटीए फाइव्ह फुकट दिला तेव्हा त्यांची साइटच कोसळली होती. आमच्या मजल्यावर असे कित्येक जण आहेत की ज्यांच्या एपिक खात्यात शंभरावर गेम आहेत आणि विकत घेतलेला एकही नाही. पण खिशातून पैसे काढायची वेळ आली की तेच लोक पुन्हा स्टीमवर!

असं का होतं? कारण स्टीमवर त्यांची लायब्ररी आहे, मित्र आहेत, सेव्ह केलेले गेम आहेत, रिव्ह्यू आहेत. दुकान बदलणं म्हणजे नुसतं दुकान बदलणं नाही, अख्खी गल्ली सोडणं आहे. राजकारणातही तसंच असतं. मोठ्या पक्षाकडे बूथवरचा माणूस असतो, सोसायटी असते, दूध संघ असतो, आजोबांपासून चालत आलेली ओळख असते. शिवाय आपली निवडणूक पद्धत अशी की जो पहिला तो आमदार, बाकीच्यांना शून्य. मॉरिस ड्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली हेच दाखवलं होतं, की अशा पद्धतीत सामना दोघांतच होत जातो, कारण हरणाऱ्याला मत द्यायला लोक कचरतात. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात जवळजवळ ७ टक्के मतं मिळाली, तरी तिची स्वतःची जागा एकही नाही. नांदेडला अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले, तिथे वंचितला दीड लाखाच्या वर मतं होती.

प्रभागाचा आकारही यात येतो. पुण्यात २०१२ साली दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ साली चारांचे झाले. प्रभाग मोठा झाला की चार चेहरे, दुप्पट वस्त्या आणि खर्च. एक चांगला कार्यकर्ता एवढंच भांडवल असलेल्या पक्षाला ते झेपत नाही. मनसेच्या २९ चे २ होण्यामागे हे एकच कारण नव्हतं, २०१४ नंतरची भाजपची लाट तर होतीच. पण मैदान किती मोठं आखायचं यावरही सामना ठरतो.

किंमत कोण मोजतो?

इथवर वाचून असं वाटेल की लहान पक्ष आणि लहान दुकानं म्हणजे निव्वळ उपकारकर्ते. तसं नाही. मोठ्याला हलवायचं तर दबाव टाकावा लागतो, आणि तो दबाव बऱ्याचदा भलत्याच माणसावर पडतो.

एपिकने काही गेम फक्त आपल्याच दुकानात विकण्याचे करार केले. मेट्रो एक्सोडस हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता, तो जेमतेम दोन-तीन आठवडे आधी स्टीमवरच्या विक्रीतून काढला. भांडण दोन कंपन्यांचं, आणि ताटकळला गेम खेळणारा.

ते निदान गेमपुरतं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. ती मुलं आपल्याच वयाची होती. भरतीची जाहिरात कुठे द्यायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं. माझ्या शेजारच्या खोलीत पाटण्याचा मुलगा आहे, त्याच्या पलीकडे लातूरचा. दोघेही एकाच मेसमध्ये जेवतात आणि एकाच टॅंकरच्या पाण्याने आंघोळ करतात. पाटी मराठीत असावी असं मलाही वाटतं. पण पाटीसाठी परीक्षेला आलेल्या मुलाच्या पाठीवर वळ उठत असतील तर तो हिशेब मला मान्य नाही. कडेच्या पक्षाकडे बघताना त्याची मागणी आणि त्याची पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या तपासायला हव्यात. मागणी रास्त म्हणून पद्धत माफ होत नाही, आणि पद्धत वाईट म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

मोठा नेमका कुणाला घाबरतो?

आता मुद्द्याचं. स्टीमने दर कमी केला तो कुणासाठी? १ कोटी डॉलरच्या वर विक्री करणाऱ्यांसाठी! ज्याला सवलतीची खरी गरज होती, त्या दोन-चार मुलांच्या स्टुडिओला ३० टक्के तसेच राहिले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम २०२० मध्ये बाजारात आणला. असा छोटा संघ वर्षानुवर्षं राबतो, त्याला हजारामागे १८० रुपये म्हणजे एखाद्या अॅनिमेटरचा पगार. पण स्टीमला भीती मोठ्या कंपन्या सोडून जाण्याची होती, लहानांची नव्हती. लहानांची सोय पाहिली ती एपिकने. जून २०२५ पासून तिथे दरवर्षी प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरवर दुकानाचा वाटा शून्य आहे.

पैसे परत करण्याचंही तसंच. ईएच्या ओरिजिन या दुकानाने २०१३ मध्ये गेम परत घ्यायची सोय दिली. स्टीमने ती जून २०१५ मध्ये दिली: खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. मधल्या काळात, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं. एकीकडे स्पर्धक, दुसरीकडे कायदा. पाट्यांचं आठवतंय ना? तिथेही आंदोलन आणि न्यायालय दोन्ही लागलं.

थोडक्यात काय, तर मोठा पक्ष किंवा मोठं दुकान गरजवंताला देत नाही, सोडून जाऊ शकणाऱ्याला देतं. तिसऱ्या टपरीचा खरा उपयोग हाच, की ती गिऱ्हाईकाला जायला जागा देते. तिथे सगळ्यांनी कायमचं जावं असंही नाही. पण जाता येतं एवढं मध्यातल्या दोघांना कळलं पाहिजे. आणि जो कुठे जाऊच शकत नाही, त्याचं कुणीच ऐकत नाही. एकच मेस असलेल्या होस्टेलची आमटी आठवा!

म्हणजे आपण

वाघोली ३० जून २०२१ ला इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत संपली, सरपंच गेला. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे निवडणुका लांबत गेल्या. महापालिकेची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं वाघोलीला ना सरपंच, ना नगरसेवक. या साडेचार वर्षांत इथे टॅंकर होते, कोंडी होती, नवे टॉवर होते, फक्त मत द्यायला जागा नव्हती. एकही टपरी नाही असा रस्ता कसा असतो ते आपण बघितलं.

आता जागा आहे, पण यादीत आपण आहोत का? होस्टेलवरच्या बहुतेकांचं नाव गावच्या यादीत, आणि मतदानाच्या दिवशी आपण इथे. नाहीतर नाव कुठेच नाही. अशा हजारो मुलांची गरज कितीही खरी असो, हॉटेलिंगच्या रस्त्यावर ती उभीच नाहीत. त्यांच्यासाठी मोठा पक्षही सरकणार नाही आणि लहान पक्षही टपरी टाकणार नाही.

यावर उपाय आहे. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार होस्टेलवर राहणारा विद्यार्थी गावी किंवा होस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा आणि फॉर्म ६ सोबत कॉलेजचं बोनाफाइड हवं. वयाची अट मोजायला आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. गावचं मत सोडवत नसेल तर गावचं ठेवा, पण मग मतदानाला गावी जा. दोन्हीकडे नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे.

मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. फक्त "तो येणार नाही, मग मत कशाला वाया घालवा" एवढ्या कारणाने आवडलेला उमेदवार सोडू नका. आणि "मोठ्यांना धडा शिकवतो" एवढ्याच कारणाने नावडता धरूही नका, कारण ३०-२०-५० चा हिशेब तुम्ही आता वाचला आहे. बोनाफाइडला अर्ज करताना लोक कारणाच्या रकान्यात बस पास किंवा शिष्यवृत्ती लिहितात. या वेळी मतदार नोंदणी लिहून बघा.